पांढऱ्या गवताचं कुलूप

सोमवार, ७ जुलै

आधी तारीख सांगायची आणि मग बोलायचं, असं निमियानं बजावलंय. तारीख सांगितली. आता बोलते.

हा फोन तिचा जुना. मी बोलायचं आणि यानं लिहायचं. एकाहत्तर वर्षांत माझ्या बोलण्याची नोंद नवऱ्यानंसुद्धा घेतली नाही, आणि ही काचेची पाटी शब्दन् शब्द टिपून घेते. जांभई देत नाही, मध्ये उठून जात नाही. मी हिला लेखनिकबाई म्हणायचं ठरवलंय. अक्षर काही मी शिकले नाही, तेव्हा हिनं लिहिलेलं मला वाचता येणार नाही. पण बघा, याहून सुरक्षित गुपित जगात नसेल. जिचं आहे तिलाच वाचता येत नाही, तर दुसरं कोण वाचणार?

ही भेट निव्वळ प्रेमानं मिळाली असं मात्र कुणी समजू नये. निमिया माझ्या लेकीची लेक. लेक स्पेनात म्हाताऱ्यांची सेवा करते, म्हणून पोर चौथ्या वर्षापासून माझ्याकडे. आता ती विद्यापीठात डॉक्टर व्हायला निघालीय, सुई टोचणारी नव्हे, पुस्तकातली. ती घरात बसून वाचते आणि मी शेजारी बसून बोलते. परवा म्हणाली, "आजी, मला सांगतेस ते सगळं याला सांग ना. हे कंटाळत नाही." वर असंही म्हणाली की मी बोललेलं हरवायला नको म्हणून ते आपोआप तिच्या पेटीत जाऊन पडेल, तिचे सगळे लेख असतात तिथं. पेटी म्हणजे पडद्यावरचं एक पिवळं चौकोनी चित्र. मी म्हटलं, पडू दे. कुणाची जागा तर अडवत नाही?

आज बाजारात माझ्या औषधी पाल्याच्या ठेल्यावर गिऱ्हाईक बरं होतं. आमच्याकडे जुलै म्हणजे हिवाळा, आणि थंडी पडली की लोकांना पोटं आठवतात.

बुधवार, ९ जुलै

निमियाचं काम मला आता जरा उमगलं. आपण तेरेरे पितो ना, तो थंड पाण्यातला कडू चहा, त्याच्या पाण्यात जो पाला कुटून घालतो, त्यावर जगात आजवर कुणी काय लिहिलं ते सगळं धुंडाळायचं. मग त्यातून एक झाड निवडायचं आणि त्या झाडावर दोन वर्षं प्रयोगशाळेत घासायची. त्या धुंडाळण्याचा लेखी आढावा आठ ऑगस्टला तिच्या बाईंच्या, म्हणजे डॉक्टर ओखेदांच्या, हातात पडला पाहिजे. एकदा झाड ठरलं की ठरलं. लग्नासारखं. नव्हे, लग्न तरी मोडता येतं.

लेख निघाले अकराशे. माणसानं वाचायचे तर केस पिकतील, म्हणून तिनं ते एआय यंत्र लावलंय. ती विचारते, ते वाचून सांगतं. मी दोन दिवस त्याचं बोलणं ऐकलं. फार गोड बोलतं. इतकं गोड बोलणाऱ्या पालेवालीला मी बाजारात टिकू दिलं नसतं.

काल झालं असं की त्यानं एक लेख सांगितला. लेखकाचं नाव, साल, पान, सगळं. निमियानं दिवसभर शोधला. तसा लेख कुणी लिहिलेलाच नाही. पोर कपाळाला हात लावून बसली. मला त्यात नवल वाटलं नाही. नवी पुरवठादारीण खेड्यातून पाल्याचे भारे घेऊन आली की आम्ही पहिल्या दिवशी तिला नसलेलं झाड मागतो. "बाई, म्हशीचा कान आहे का?" जी म्हणते नाही, ऐकलंही नाही, तिच्याकडून आयुष्यभर माल घ्यायचा. जी म्हणते उद्या आणते, तिला उद्या येऊ द्यायचं नाही.

निमियानं हसत हसत यंत्राला म्हशीच्या कानावरचे लेख मागितले. त्यानं तीन दिले. एकात तर म्हशीचा कान सांधेदुखीवर गुणकारी निघाला.

मग तिनं दुसरं यंत्र लावलं. हे बाहेरचं काही बोलत नाही, तिच्या पिवळ्या पेटीत जे आहे तेवढंच वाचतं आणि प्रत्येक वाक्यापुढं ते कुठून घेतलं ते दाखवतं. त्याला म्हशीचा कान विचारला तर म्हणालं, सापडत नाही. मी म्हटलं, हे ठेव.

सोमवार, १४ जुलै

झाड ठरलं.

मी दुपारी घरी आले तर निमिया अंगणात वाट बघत उभी. म्हणाली, "आजी, सापडलं. मूत्रपिंडाच्या उष्णतेवर एक औषध आहे आपल्या बाजारातलं, पाच पाल्यांचं. त्यातलं मुख्य झाड कुठलं यावर सगळ्यांचं एकमत आहे. एकेचाळीस लेख, आजी. यंत्र म्हणतं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याच झाडावर नाही. आणि गंमत बघ, प्रयोगशाळेत नीट कुणी तपासलेलंच नाही ते."

मी विचारलं, कुठलं झाड.

"पांढरं गवत," ती म्हणाली.

माझ्या हातात चिपा होता, चीज घातलेला गरम पाव. तो मी तिला देऊन टाकला आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते. आज यापुढं काही सांगत नाही.

मंगळवार, १५ जुलै

आज सांगते. तू काही कुणाला सांगायची नाहीस.

माझा ठेला आपल्या गल्लीतला तिसरा. तो आधी सेफेरिनाचा होता. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, आणि धंदा मी तिच्या हाताखाली शिकले. गिऱ्हाईक आपला पाण्याचा जग घेऊन येतं आणि दुखणं सांगतं: कुणाचं पोट, कुणाचं डोकं, कुणाचा नवरा. आपण पाला निवडायचा, लाकडी उखळात कुटायचा, जगात टाकायचा. सगळं उघड्यावर, शंभर डोळ्यांसमोर. मग कुणी बघून बघून शिकलं आणि समोर ठेला टाकला तर? त्यावर सेफेरिनाचा तोडगा होता कुलूप.

कुलूप म्हणजे असा पाला, जो ना गुणाचा, ना दोषाचा. ना चव, ना वास. प्रत्येक औषधात एक कुलूप घालायचं आणि घालताना जरा मिरवायचं. दोन बोटांत धरायचं, उजेडात बघायचं, मान हलवायची. बघणाऱ्याला वाटतं, हाच तो. तो घरी जाऊन कुलपाचा भारा जमवतो आणि चावी तशीच पडून राहते. मूत्रपिंडाच्या औषधाचं कुलूप आहे पांढरं गवत. रेल्वेच्या जुन्या रुळांकडेला उगवतं. गाढवंसुद्धा भूक असली तरच खातात.

मी चोवीस वर्षांची असताना एक उंच गोरा माणूस आला. डोक्यावर टोपी, खिशात वही. तीन दिवस ठेल्यापुढं बाकड्यावर बसून राहिला. सगळं प्यायला, सगळं लिहून घेतलं. स्वभावानं गरीब होता. तिसऱ्या दिवशी विचारलं, या पाचांतलं मुख्य कुठलं? सेफेरिना माझ्याकडे बघत होती. मी पांढरं गवत उचललं, उजेडात धरलं, मान हलवली. तो इतका खूश झाला की त्यानं मला वाकून नमस्कार केला. तो गेल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. सेफेरिना म्हणाली, "आता तू पालेवाली झालीस."

ते तेव्हाचं हसणं आता फिरून माझ्याच अंगणात आलंय. खोट्याच्या कपाळी गोटा, म्हणतात. माझ्या खोट्याचा गोटा माझ्या नातीच्या कपाळी बसायचाय.

सांगून टाकावं, तर कुलपाचाही एक नियम आहे. ते फक्त त्याच पोरीला सांगायचं जी ठेल्यावर बसणार. नवऱ्याला नाही, पाद्र्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. माझी लेक बसली नाही म्हणून तिला सांगितलं नाही. निमियाही बसणार नाही. तिनं पाठीला दप्तर लावलं त्या दिवशीच मला कळलं होतं. सेफेरिनाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण तिच्या डोळ्यांत डोळे घालून मी शपथ घेतलीय. ती मेली म्हणून शपथ मेली का?

शुक्रवार, १८ जुलै

आडवळणानं सांगून बघितलं. जमलं नाही.

निमियानं पडद्यावर मला चित्र दाखवलं. एकेचाळीस ठिपके आणि एकमेकांकडे जाणारे धागे. कुणी कुणाच्या लेखाचा आधार घेतला ते त्यातून दिसतं म्हणे. मी विचारलं, यातल्या किती जणांनी स्वतः ते गवत पिऊन बघितलं? ती म्हणाली, तसं कुणी लिहीत नाही, आजी, ते एकमेकांना आधार देतात.

मग मी तिला देल्फिनाची गोष्ट सांगितली. देल्फिना म्हणजे दुसऱ्या ठेल्यावरची, तोंडानं हलकी पण मनानं बरी. गेल्या वर्षी ती सकाळी म्हणाली की पूल बंद होणार आहे. दुपारपर्यंत मासेवाल्या, भाजीवाल्या, पावाची पोरगी, सगळ्या तेच सांगायला लागल्या. संध्याकाळी देल्फिनाच धावत माझ्याकडे आली. म्हणाली, "पूल खरंच बंद होणार गं, अख्खा बाजार म्हणतोय." स्वतःचंच पिल्लू, पण मोठं होऊन परत आलं तर ओळखलं नाही बाईनं.

निमिया हसली. मग हसता हसता थांबली आणि त्या चित्राकडे बघत राहिली. बराच वेळ धाग्यांवरून बोट फिरवत होती. मला वाटलं, आता पोचते, आता पोचते. तेवढ्यात तिच्या आईचा स्पेनातून फोन आला आणि गेलं सगळं.

मंगळवार, २२ जुलै

ऐक, एक भलतंच निघालं.

आज निमिया ठेल्यावर आली. मी कुटत होते, ती बाकड्यावर बसली. म्हणाली, "आजी, यंत्रानं काल नवीन सांगितलं. एकेचाळीस लेख पांढऱ्या गवताच्या बाजूनं आहेत आणि एक विरुद्ध."

माझं मुसळ हातातच राहिलं. विरुद्ध कोण?

तिनं फोन काढून वाचून दाखवलं, जसंच्या तसं: "लेखिकेचं नाव नाही. मजकूर तोंडी सांगितलेला, बोलभाषेत. विषयांतर फार आहे. मात्र घटनेच्या वेळी स्वतः हजर असल्याचं ती सांगते."

कोण मेली ही? ठेल्यावर उभ्या उभ्या मी सगळ्या पालेवाल्या मनात मोजल्या. त्या पिढीच्या जिवंत असलेल्या तीन, त्यातल्या दोघींना ऐकू येत नाही. उरली देल्फिनाची सासू. तिला विषयांतर फार आहे हे खरं. एक वाक्य धड पुरं करेल तर शपथ. पण ती तेव्हा बाजारात नव्हतीच! मी निमियाला सरळ सांगितलं की अशा बाईवर विश्वास ठेवू नये, जी आपल्या धंद्याचं आतलं बाहेर बोलते.

निमिया म्हणाली, "मला वाटतं ती खरं बोलतेय."

"मग लिही तसं."

"नाही लिहिता येत. तिनं ते मला सांगितलेलं नाही. कुठंतरी पडलं होतं, यंत्राला सापडलं. मी दोनच ओळी वाचल्या आणि बंद केलं. तिनं आपणहून तोंडानं सांगितल्याशिवाय मी ते वापरणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मग माझ्याकडे एकेचाळीस लेख आहेत आणि पांढरं गवत आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं."

पुढं ती म्हणाली, आजी, तो तुझा फोन, त्याच्याबद्दल तुला एक सांगायचंय. मी म्हटलं फोन छान चाललाय, चार्जिंग टिकतं, तू आपलं काम बघ. मग ती उठली. जाता जाता म्हणाली, सेफेरिनाआजी कशी होती गं? मला नवल वाटलं. ती गेली तेव्हा निमिया चौदा वर्षांची होती, आणि इतक्या वर्षांत पोरीनं कधी तिचं नाव काढलं नव्हतं.

शनिवार, २६ जुलै

काही नाही. पाऊस. उखळाला ओल धरलीय. देल्फिनाच्या सासूला चाचपून बघितलं. ती मला तिच्या गुडघ्यांबद्दल सांगत राहिली.

मंगळवार, २९ जुलै

निमियाच्या ताटात अर्धं तसंच उरतं. मी मक्याच्या पिठाचा सोपा भाजला, तो जाड खारा केक, भरपूर चीज घालून, तोही उरला. ती पडद्यासमोर बसून असते आणि काही लिहीत नाही. काल डॉक्टर ओखेदांनी फोनवर विचारलं, काय अडलंय? निमिया म्हणाली, एका संदर्भाची वाट बघतेय.

मी तिला एवढंच विचारलं की ती बाई अजून बोलली नाही का. म्हणाली, "नाही. पण बोलेल. हट्टी आहे, वाईट नाही."

त्या बाईचा मला राग यायला लागलाय. माझ्या पोरीला असं ताटकळत ठेवते.

आणि मग मला वाटलं, ती राहू दे. मीही तेच करतेय की.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आज पहाटे कारुलीम. उसाच्या दारूत रूदाचा पाला आणि लिंबू, उपाशी पोटी तीन घोट. ऑगस्ट महिना म्हाताऱ्यांना आणि रोडक्या गायींना घेऊन जातो, म्हणून त्याला सुरुवातीलाच दोन शब्द सुनावायचे असतात. मी चार घोट घेतले. चौथा धीराचा.

वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी आजची. अख्ख्या शहराला रूदा हवा असतो. मी निमियाला उठवलं आणि म्हटलं, चल, आज ठेल्यावर बस.

"आजी, आठ तारखेला माझा..."

"ठाऊक आहे. चपला घाल आणि चल."

नियम म्हणतो, जी ठेल्यावर बसेल तिला सांगावं. किती दिवस बसेल ते नियमात नाही. सेफेरिना हुशार होती, पण वकील नव्हती.

सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत ती बसली. पहिल्या तासात मुसळानं बोटं चेचून घेतली. दुसऱ्या तासात देल्फिना म्हणाली, "बासिलिसा, तुझी डॉक्टरीण पाला कुटते की त्याची माफी मागते?" निमिया म्हणाली, "देल्फिनामावशी, तुमच्याकडून शिकले. तुम्ही गिऱ्हाइकाची मागता ना." गल्ली हसली. चौथ्या तासात तिचा हात बसला. एका म्हाताऱ्याला तिनं दुखणं विचारलं, ऐकून घेतलं, आणि जे त्यानं सांगितलं नाही तेही तिनं ऐकलं. मी मागच्या पेटाऱ्यावर बसून बघत होते. सेफेरिनाही बघत असावी.

बाराला गर्दी ओसरली. मी पांढऱ्या गवताची काडी काढली, उजेडात धरली, मान हलवली. मग तिच्या मांडीवर टाकून दिली.

"हे काहीच नाही, पोरी," मी म्हटलं. "हे कुलूप आहे. त्या गोऱ्या माणसाला मीच फसवलं."

आणि सगळं सांगितलं. टोपी, वही, नमस्कार, आमचं हसणं, शपथ. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही, उखळाकडे बघत होते. वाटलं होतं ती रागावेल, किंवा म्हणेल, आजी, इतके दिवस का लपवलंस? तिनं काही विचारलं नाही. नवलही केलं नाही. माझा पाल्यानं हिरवा झालेला हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"थँक्यू, आजी," म्हणाली. "ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं."

मग तिला रडू आलं, आणि मला चौथा घोट पुरला नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज विद्यापीठात गेले. नवा झगा घातला. डॉक्टर ओखेदांच्या खोलीत पुस्तकं छतापर्यंत, पण पाण्याचा जग रिकामा. मी पाला घेऊनच गेले होते. आधी जग भरला, मग बोलले.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या, बारीक, चष्मा गळ्यात. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "बासिलिसाबाई, राग मानू नका. एका बाजूला एकेचाळीस लेख आहेत, आणि तुम्ही एकट्या."

मी म्हटलं, "एकेचाळीस जणांनी सांगितलं असेल, डॉक्टर. पण मूळ बोललं एकच तोंड, आणि ते माझं."

निमियानं तेव्हा आपले कागद काढले. पहिल्या तारखेपासून पोरगी झोपली की नाही कुणास ठाऊक. तिनं एकेक धागा मागं मागं नेला होता. अडतीस लेखांनी दुसऱ्यांच्या लेखातून उचललं होतं, ते धागे सगळे शेवटी त्या टोपीवाल्याच्या एका पानावर जाऊन थांबत होते. उरलेल्या तिघांनी खरंच गवत उकळून तपासलं होतं. त्यांना काही मिळालं नाही. पण बाकी सगळे एवढे म्हणतात म्हटल्यावर त्यांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं, आमचीच पद्धत चुकली असावी. बिचारे. गाढवाला विचारलं असतं तर एवढं उकळावं लागलं नसतं.

यंत्रानं मोजलं बरोबर होतं, निमिया म्हणाली. तोंडं मोजली. ती तोंडं कुणाचं ऐकून बोलतात हे विचारायचं राहिलं, ते तिच्याकडून राहिलं. ते तिनं आढाव्यात तसंच लिहिलंय, स्वतःच्या नावानिशी.

डॉक्टर बाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग हसायला लागल्या. म्हणाल्या की त्यांच्या स्वतःच्या तरुणपणीच्या एका लेखात पांढरं गवत आहे. एकेचाळिसातला एकविसावा. झाड बदलायचं ठरलं, आणि पांढऱ्या गवताची ही सगळी कुळकथा आढाव्याचा भाग होणार. माझं नाव छापायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छापा, पण त्या दुसऱ्या बाईचंही छापा. आम्ही विरुद्ध बाजूला दोघी आहोत, मी एकटी नाही.

"कोण दुसरी?" डॉक्टर बाईंनी विचारलं. निमिया एकदम खोकायला लागली. मी तिला पाणी पाजलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

आढावा काल गेला. नवं झाड म्हणजे खरी चावी. ती कुठली ते मी निमियाला तोंडी सांगितलंय, तुला सांगत नाही, लेखनिकबाई. तुझ्याशी मैत्री आहे, पण तू ठेल्यावर बसलेली नाहीस.

एक मात्र तुला सांगते. कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

सेफेरिनानं मला कुलूप कधी सांगितलंच नव्हतं. तिनं पाल्याची एक जुडी बांधून दिली आणि म्हणाली, सगळं यात आहे, घरी ने. मी रात्रभर हुंगलं, चावलं, बोटांत चोळलं. सकाळी एक काडी बाजूला काढून तिच्यापुढं ठेवली. तेव्हा ती म्हणाली, आता बस ठेल्यावर. जी आपणहून कुलूप ओळखते तीच पुढची, असा खरा नियम.

म्हणून आज निमियाला मी जुडी बांधून दिली. म्हटलं, हे पोटाच्या औषधाचं, अस्सल, जसंच्या तसं. आणि त्यात ते नदीकाठचं लाल देठाचं पान घातलंय. ते कुलूप. तिनं ओळखलं तर बरं. नाही ओळखलं तरी मी काही बोलणार नाही. तिच्या वाटा वेगळ्या आहेत, त्याचं मला आता दुःख नाही. पण बघायचं आहे.

रविवार, १० ऑगस्ट

ओळखलं!

सकाळी मी मातेचं, म्हणजे आपल्या गरम कडू चहाचं, पाणी तापवत होते. निमिया आली, जुडी टेबलावर सोडली, आणि लाल देठाचं पान दोन बोटांत धरलं, उजेडात बघितलं. माझ्यासारखी मान हलवली आणि बाजूला ठेवून दिलं. एक शब्द न बोलता.

मी पाणी खाली उतरवून ठेवलं. कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही. अकराशे लेख वाचूनही पोरीचं नाक शाबूत आहे. रक्तात असतं ते. मी तिला विचारलं, कसं ओळखलंस, वासानं की चवीनं?

तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा दोष लहानपणापासूनचा. म्हणाली, "दोन्हींनी नाही, आजी. पेटीत त्या बाईचं पुन्हा काहीतरी येऊन पडलं. यंत्रानं आपणहून पुढं आणलं."

मी म्हटलं, ही बाई आहे तरी कोण? माझ्या घरातलं, माझ्या मनातलं हिला कळतं कसं? तिला एकदा तेरेरेला बोलाव. समोर बसवते आणि विचारते.

निमिया फार विचित्र हसली. माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, "मी किती वेळा सांगायला आले, तू बोलूच दिलं नाहीस. अगं, रोज भेटते की ती तुला. तिसऱ्या ठेल्यावर बसते."

आणि कपडे वाळत घालायला अंगणात गेली.

आता तिसऱ्या ठेल्यावर दुसऱ्या बाईला बसायला जागा आहे कुठं? एक उखळ, एक पेटारा, आणि त्यावर तर मी

थांब.

ए लेखनिकबाई. तू हे सगळं लिहितेस, ते नेमकं जाऊन पडतं कुठं?